लहान दुर्बीण, लांबची दीर्घिका : ॲस्ट्रोसॅटची गोष्ट



‘दुर्बीण जितकी मोठी, तितकं लांबचं दिसतं’ असं मुलांना वाटतं. बऱ्याच अंशी ते खरंही आहे. पण या समजुतीला छेद देणारं एक उदाहरण आपल्याच देशात, आणि त्यातही पुण्यात घडलं आहे. ते नववी-दहावीच्या वर्गात जरूर सांगावं असं आहे. चला, टप्प्याटप्प्याने समजून घेऊया.

अतिनील प्रकाश कशासाठी?

दोरीवर दुपटी वाळत दिसली की त्या घरात तान्हं बाळ आहे, हे कुणी सांगावं लागत नाही. दीर्घिकांच्या बाबतीत अतिनील प्रकाश ही अशीच खूण आहे. खूप मोठे, तापलेले तारे भरपूर अतिनील प्रकाश देतात. पण ते आपलं इंधन उधळपट्टीने जाळतात आणि काही दशलक्ष वर्षांतच संपतात. आपल्या सूर्याचं आयुष्य सुमारे १००० कोटी वर्षांचं, त्यापुढे हे काहीच नाही. म्हणजे जिथून असा प्रकाश जोरात येतो, तिथे तारे नुकतेच जन्मलेले असणार.

अडचण अशी, की पृथ्वीचं वातावरण, विशेषतः ओझोनचा थर, बहुतेक अतिनील प्रकाश अडवतो. आपल्या त्वचेसाठी ते चांगलंच आहे, पण खगोलशास्त्रज्ञांना मात्र दुर्बीण अवकाशातच न्यावी लागते.

ॲस्ट्रोसॅट आणि तिची अतिनील दुर्बीण

इस्रोने २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोटाहून ॲस्ट्रोसॅट ही भारताची पहिली बहुतरंगी अवकाश वेधशाळा सोडली. तिच्यावर ‘यूव्हीआयटी’ नावाची अतिनील दुर्बीण आहे. तिच्या आरशाचा व्यास जेमतेम ३८ सेंटिमीटर. हबल दुर्बिणीचा आरसा २४० सेंटिमीटरचा, म्हणजे सहा पटींहून मोठा!

ऑक्टोबर २०१६ मध्ये ही दुर्बीण आकाशाच्या एका छोट्याशा तुकड्याकडे वळवली गेली. फॉरनॅक्स तारकासमूहातला हा भाग हबलने आधीच अगदी खोलवर टिपला होता. यूव्हीआयटीने तिथे एकूण २८ तासांहून अधिक काळ प्रकाश गोळा केला. त्यात एका दीर्घिकेकडून आलेला अतिशय क्षीण अतिनील प्रकाश सापडला. पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेतले डॉ. कनक साहा आणि त्यांच्या आंतरराष्ट्रीय गटाने ही माहिती जवळपास दोन वर्षं तपासली. हा संकेत यंत्राचा भास तर नाही ना, दुसऱ्याच कुठल्या वस्तूचा तर नाही ना, हे सगळं पडताळलं. ऑगस्ट २०२० मध्ये ‘नेचर ॲस्ट्रॉनॉमी’ या नियतकालिकात तो शोध प्रसिद्ध झाला. दीर्घिकेचं नाव एयूडीएफएस०१. तिचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला ९३० कोटी वर्षं लागली. तो निघाला तेव्हा आपली पृथ्वी जन्मलेलीसुद्धा नव्हती!

हबलला का नाही दिसला?

ही दीर्घिका हबलला इतर तरंगलांबीत दिसलेली होती, पण हा विशिष्ट अतिनील प्रकाश तिला पकडता आला नव्हता. शास्त्रज्ञांनी याचं कारण सांगितलं ते असं : यूव्हीआयटीच्या संवेदकात पार्श्वभूमीचा गोंगाट हबलच्या मानाने खूप कमी आहे. गजबजलेल्या बाजारात मोठे कान करूनही कुजबुज ऐकू येत नाही, शांत खोलीत मात्र ती सहज ऐकू येते. तसंच हे. यूव्हीआयटी एकेक फोटॉन मोजते. शांत संवेदक आणि धीर, या दोन्हींनी लहान आरशाची उणीव भरून काढली.

एवढं काय विशेष?

९१.२ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा प्रकाश हायड्रोजनच्या अणूतला इलेक्ट्रॉन उडवून लावतो आणि त्यात स्वतः शोषला जातो. विश्वात हायड्रोजन तर सगळीकडे. त्यामुळे असा प्रकाश दीर्घिकेतून सहसा बाहेरच पडत नाही. इथे तो निसटला होता!

आता मोठा प्रश्न पाहा. महास्फोटानंतर सुमारे ३,८०,००० वर्षांनी विश्वातला हायड्रोजन उदासीन अणूंच्या रूपात आला. नंतर पहिल्या १०० कोटी वर्षांच्या आसपास तो पुन्हा आयनीभूत झालेला दिसतो. हे कुणी केलं? मुख्य संशय लहान, तारे जन्माला घालणाऱ्या दीर्घिकांवर आहे. पण त्या काळातला हा प्रकाश वाटेतच शोषला जातो, थेट पाहता येत नाही. म्हणून त्यांच्यासारख्या, पण जवळच्या दीर्घिका शोधायच्या आणि त्यांच्यातून प्रकाश कसा निसटतो ते पाहायचं. एका दीर्घिकेवरून निकाल लागत नाही, पण एक भक्कम साक्षीदार मिळतो.

वर्गात करून पाहा

कमरपट्टीचं रुंद इलास्टिक घ्या. त्यावर पेनाने सारख्या अंतरावर लाटेचे उंचवटे काढा आणि ते ताणा. उंचवट्यांमधलं अंतर वाढतं. विश्व प्रसरण पावताना प्रकाशाची तरंगलांबी अशीच ताणली जाते. यालाच ताम्रसृती म्हणतात. या दीर्घिकेचा प्रकाश २.४२ पट ताणला गेला आहे. मुलांना गणित द्या : दीर्घिकेतून ६४ नॅनोमीटरचा प्रकाश निघाला, तर आपल्यापर्यंत किती नॅनोमीटरचा होऊन पोहोचेल? उत्तर सुमारे १५५. यूव्हीआयटीचा दूर-अतिनील पट्टा साधारण १३० ते १८० नॅनोमीटरचा, म्हणजे हा प्रकाश बरोबर त्यात बसला.

मग एक प्रश्न विचारा : ६४ नॅनोमीटर हा आकडा ९१.२ पेक्षा लहान आहे, याचा अर्थ काय? मुलांना विचार करायला वेळ द्या, उत्तर लगेच सांगू नका. पालकहो, हाच प्रश्न घरी जेवतानाही विचारता येईल.