चोरघंटा वाजते, पोलीस कधी येतात?

रात्री परका माणूस वाडीत शिरला, की आपल्याकडे कुत्री भुंकतात. शेजारी बॅटरी मारतो आणि विचारतो, "कोण आहे रे तिकडे?" अमेरिकेत पुष्कळ घरी हे काम एक यंत्र करते. त्याला आपण चोरघंटा म्हणू.

ही चोरघंटा जुनी आहे. १८५३ साली बोस्टन शहराजवळ राहणाऱ्या ऑगस्टस पोप यांनी विजेच्या चोरघंटेचे पेटंट घेतले. दार उघडले की घंटा वाजे. आजही युक्ती तशीच आहे. दाराला लोहचुंबक असतो आणि चौकटीला कळ असते. दार उघडले की चुंबक दूर जातो आणि भोंगा वाजतो. त्याच वेळी कंपनीच्या कचेरीत खबर जाते. तेथला माणूस घरमालकाला फोन करतो. मालक सापडला नाही, तर तो पोलिसांना कळवतो.

तुम्ही म्हणाल, "मग काय, पोलीस लगेच धावत येत असतील!" पण बहुतेक वेळा तसे होत नाही. का होत नाही, ते पाहू.

अमेरिकेत पोलिसांकडे जाणाऱ्या शंभर घंटांपैकी नव्वदांहून जास्त खोट्या निघतात. मालक घंटा बंद करायचे आकडे विसरतो. घरी पाहुणा येतो. मांजर उडी मारते. वाऱ्याने दार हलते. चोर नसतोच, पण घंटा वाजते.

आता हिशेब करा. एका घंटेमागे दोन पोलीस गेले आणि वीस मिनिटे मोडली, असे धरा. दिवसात अशा तीस घंटा झाल्या, तर सहाशे मिनिटे गेली. म्हणजे दोघांचे दहा-दहा तास फुकट! तेवढ्यात कोठे अपघात झाला, कोठे मारामारी झाली, तर तिकडे कोण जाणार?

'लांडगा आला रे आला' ही गोष्ट तुम्ही ऐकली आहे. इथेही तसेच झाले. पोलीस घंटेचे काम मागे ठेवू लागले. खरा चोर तर काही मिनिटांत आटोपतो. पोलीस येईपर्यंत तो पसार!

अमेरिकेत यूटा राज्यात सॉल्ट लेक सिटी नावाचे शहर आहे. तेथे २००० सालच्या डिसेंबरात नवा नियम आला. घंटा वाजली की आधी कंपनीच्या रखवालदाराने किंवा दुसऱ्या कोणी जाऊन पाहायचे. चोरीची खूण दिसली, तरच पोलिसांना बोलवायचे. पण संकटातल्या माणसाने स्वतः कळ दाबून मदत मागितली, तर पोलीस थेट जातात. या नियमाने पोलिसांचे घंटेपायी होणारे हेलपाटे दहांत नऊ कमी झाले.

यात आपण काय घ्यायचे? यंत्र नुसते ओरडते. काय दिसले, ते माणूसच सांगू शकतो.

आपल्याकडे संकटात ११२ नंबरला फोन करता येतो. चोर दिसला तर दार लावून सुरक्षित जागी थांबा आणि फोन करा. गाव, वाडी आणि जवळची ओळखीची खूण सांगा. डोळ्यांनी काय पाहिले, माणसे किती, गाडी कोणती, ती कोणत्या दिशेला गेली, हे सांगा. ऐकीव असेल तर 'ऐकले' असेच सांगा. विचारतील त्याचे उत्तर द्या, मधेच फोन ठेवू नका.

पोरांना गंमत म्हणून हा नंबर लावू देऊ नका. चुकून लागलाच तर, "चुकून लागला, सगळे ठीक आहे," एवढे सांगा. नाहीतर पोलिसांची गाडी उगाच तुमच्या दारी येईल. त्याच वेळी दुसऱ्या गावी एखादी म्हातारी खऱ्या चोराला भिऊन दाराला कडी लावून बसली असेल, आणि त्याच गाडीची वाट पाहत असेल.