वेदीपासून गल्लीपर्यंत : मुंबईच्या उपनगरांतील ख्रिस्ती आचरण

व्याप्ती

रविवारच्या उपासनेत जे मान्य केले, ते उरलेल्या सहा दिवसांच्या व्यवहारात उतरवणे म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेचे आचरण. भावाशी वितुष्ट असेल तर अर्पण वेदीपाशीच ठेवून आधी समेट करावा, ही येशूची शिकवण मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये श्रद्धा आणि दैनंदिन जीवन यांच्यातील फारकत ही आधुनिक युगातील गंभीर चुकांपैकी एक मानली. थोडक्यात, तयारी चर्चमध्ये होते आणि परीक्षा बाहेर. मुंबईच्या उपनगरांत ही तयारी कोणत्या व्यवस्थांमधून होते, ते येथे पाहायचे आहे. भर कॅथलिक समाजावर आहे, कारण साष्टीत, म्हणजे ही उपनगरे ज्या बेटावर वसली तेथे, त्यांची परंपरा सर्वांत जुनी आहे.

समाजाची घडण

१५३४ च्या तहाने वसई आणि साष्टी पोर्तुगिजांकडे गेली. त्यानंतर फ्रान्सिस्कन व जेज्वीट धर्मगुरूंच्या कार्यातून येथील शेतकरी, कोळी व कारागीर कुटुंबे ख्रिस्ती झाली. मराठ्यांनी १७३७ मध्ये साष्टी आणि १७३९ मध्ये वसई जिंकली. पोर्तुगीज सत्ता गेली, पण गावे व त्यांची श्रद्धा राहिली. पुढे गोवा आणि मंगळूरकडून नोकरीसाठी आलेल्या कॅथलिकांपासून वेगळी ओळख असावी म्हणून १८८७ मध्ये स्थानिकांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव स्वीकारले. मरोळची कथा या टिकाऊपणाचा चांगला नमुना आहे. तेथील सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च १५७९ चे. १८४० च्या साथीत ते सोडून लोक मरोळ गावात आले आणि नव्या ठिकाणी उपासना सुरू झाली. जुन्या चर्चचे छप्पर नसलेले अवशेष आता अंधेरीच्या सीप्झ औद्योगिक क्षेत्रात आहेत. तेथे मे महिन्यात वर्षातून एकदा मिस्सा होते.

घर आणि कुरूस

आचरणाची सर्वांत लहान व्यवस्था घरातली आहे. भिंतीवरची छोटी वेदी, तिच्यावर येशूच्या पवित्र हृदयाची आणि मरियामातेची प्रतिमा, आणि संध्याकाळी कुटुंबाने मिळून म्हणायची जपमाळ. तिला पंधरा-वीस मिनिटे लागतात; चर्चगेटहून बोरिवलीला उभ्याने आलेल्या माणसाला तीही जड वाटू शकतात. घराबाहेरचा दुवा म्हणजे गावठाणातला कुरूस. मुंबई परिसरातील असे अनेक क्रूस १८९६ च्या प्लेगच्या काळात, रोगापासून रक्षण व्हावे म्हणून उभारले गेले. मे आणि ऑक्टोबर हे मरियेच्या भक्तीचे महिने. तेव्हा जपमाळ घरातून कुरसापाशी येते. पाण्याच्या नळावरून किंवा सामाईक भिंतीवरून अबोला धरलेल्या दोन घरांना तेथे शेजारी उभे राहावे लागते. समेटाची शिकवण अशा वेळी फार अमूर्त राहत नाही.

वर्षाचे चक्र

ऑक्टोबरच्या आरंभी येणारा आगेरा हा सुगीचा सण. भाताच्या पहिल्या लोंब्या चर्चमध्ये आणून आशीर्वादित केल्या जातात. पीक हे देणे आहे, केवळ कमाई नव्हे, असा त्याचा अर्थ. मरोळ-चकाल्याच्या शेतांवर कारखाने व इमारती आल्या, त्यामुळे शेती संपलेल्या ठिकाणी लोंब्या बाहेरून आणाव्या लागतात. पगारदार घरात या सणाचा अर्थ मिळकतीतील पहिला वाटा बाजूला काढण्यात शोधावा लागतो. तो हिशेब मिरवणुकीपेक्षा कठीण.

राखेच्या बुधवारपासून प्रायश्चित्तकाळ सुरू होतो. प्रार्थना, उपवास आणि दानधर्म ही त्याची तीन अंगे. नियमाने सक्तीचे उपवास दोनच, राखेचा बुधवार व गुड फ्रायडे. शुक्रवारी मांस वर्ज्य, मासळी चालते. सुरमई-बोंबलावर वाढलेल्या किनारपट्टीच्या माणसाला हा त्याग कितपत टोचतो, हा प्रश्नच आहे. म्हणून जाणते लोक खरोखर प्रिय असलेली एखादी गोष्ट, दारू, पत्ते किंवा अलीकडे मोबाइल, सोडतात आणि वाचलेले पैसे गरजूंना देतात. उपवास आणि दान यांची सांधेजोड नेमकी येथे आहे: एकाच्या ताटातून कमी झालेले दुसऱ्याच्या ताटात गेले नाही, तर उरतो तो पथ्याचा आहार.

पापनिवेदन व भरपाई

बाहेरून पाहणाऱ्याचा सर्वाधिक गैरसमज पापनिवेदनाच्या संस्काराविषयी असतो. धर्मगुरूला सांगितले आणि मोकळे झाले, इतका तो सोपा नाही. त्याच्या पायऱ्या तीन: पश्चात्ताप, निवेदन आणि प्रायश्चित्त. पश्चात्तापात पुन्हा तसे न करण्याचा निश्चय अंतर्भूत आहे. शिवाय दुसऱ्याचे नुकसान झाले असेल तर शक्य तेवढी भरपाई हे न्यायाने येणारे कर्तव्य आहे. चोरलेली वस्तू परत करायची. कुणाची बदनामी केली असेल तर त्याचे नाव जेथे बिघडवले तेथेच ते सुधारायचे. मोलकरणीचा कापलेला पगार, सोसायटीच्या खर्चात फुगवलेले बिल, भावाच्या अज्ञानाचा फायदा घेऊन लिहून घेतलेला गावठाणातला हिस्सा ही सारी प्रकरणे या नियमाखाली येतात. जमिनीचे भाव चढलेल्या उपनगरांत शेवटचे उदाहरण विशेष अवघड ठरते.

धर्मगुरू ऐकलेले कोणत्याही कारणाने उघड करू शकत नाही. त्यामुळे माणूस खरे बोलू शकतो. त्याच कारणाने भरपाई झाली की नाही, याची तपासणीही कोणी करू शकत नाही. चर्चच्या नोंदवहीत बाप्तिस्मा आणि विवाह असतात, परत केलेल्या पैशांचा रकाना नसतो. या संस्काराचे बळ आणि त्याची मर्यादा एकाच गुप्ततेतून येतात.

सेवा

भुकेल्याला अन्न देणे, आजाऱ्याला भेटणे, मृताचे दफन करणे अशी दयेची सात शारीरिक कृत्ये ख्रिस्ती परंपरा मोजते. ती संघटितपणे करणारी सेंट व्हिन्सेंट दी पॉल सोसायटी १८३३ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझनाम व त्याच्या विद्यार्थी मित्रांनी सुरू केली. तिच्या पद्धतीत सदस्य जोडीने गरजू कुटुंबाच्या घरी जातात. देणगी पाठवणे पुरत नाही, बसून ऐकावे लागते. मोठ्या प्रमाणावरची सेवा संस्थांकडे आहे. अंधेरीच्या महाकाली मार्गावर धर्मभगिनींचे होली स्पिरिट रुग्णालय आहे. भारतातील पहिले चेशायर होमही १९५० च्या दशकात अंधेरीतच सुरू झाले. लिओनार्ड चेशायर हा नागासाकीवरील अणुबॉम्बचा स्फोट विमानातून पाहिलेला ब्रिटिश वैमानिक. पुढे तो कॅथलिक झाला आणि अपंग व असाध्य रुग्णांच्या निवासांना त्याने आयुष्य दिले. संस्था उभी राहिली की सेवा तिच्यावर सोपवून घरची माणसे निर्धास्त होतात, हा तिचा एक न दिसणारा तोटा.

नवस आणि निष्ठा

८ सप्टेंबरच्या सुमारास वांद्र्याच्या मोत माउलीच्या (माउंट मेरी) जत्रेला सर्व धर्मांचे लोक येतात आणि नवस म्हणून मेणाचे हात, पाय, घर अर्पण करतात. नवसात मागणे आधी येते, आचरणात देणे. दोन्ही एकाच माणसात सुखाने नांदतात.

समूह

१९८० च्या दशकापासून मुंबई धर्मप्रांतात शेजारच्या कुटुंबांचे छोटे ख्रिस्ती समूह रुजवण्यात आले. एका घरी जमायचे, शुभवर्तमान वाचायचे आणि त्या गल्लीत काय करता येईल ते ठरवायचे, अशी रीत. गावठाणात शेजार आपोआप होता. मुलुंड-घाटकोपरच्या इमारतींत ख्रिस्ती घरे विखुरलेली असल्याने तो जमवावा लागतो. मराठी, कोंकणी, तमिळ, मल्याळम बोलणारी माणसे मग बहुधा इंग्रजीवर येतात, आणि घरात फक्त मराठी बोलणारी आजी गप्प बसते.

मर्यादा

वेळेचा अभाव ही वरवरची अडचण; जात ही खोलवरची. धर्मांतरानंतरही रोटी-बेटीच्या रेषा बऱ्याच ठिकाणी टिकल्या, आणि १९५० च्या राष्ट्रपती आदेशामुळे दलित ख्रिस्ती लोकांना अनुसूचित जातींच्या सवलती मिळत नाहीत. त्या आदेशाविरुद्ध चर्च बोलत आले आहे. स्वतःविषयी बोलायला अधिक वेळ लागला. भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने डिसेंबर २०१६ मधील आपल्या दलितविषयक धोरणात चर्चमध्येही भेदभाव असल्याचे मान्य केले. पापनिवेदनाच्या क्रमाने पाहता ही दुसरी पायरी झाली. तिसरी प्रत्येक धर्मग्रामात, लग्न जुळवताना आणि समितीवर माणसे निवडताना, वेगळी चढावी लागते.