पॅलेटच्या लाकडाचे मखर

पॅलेट म्हटले की आपल्या महाविद्यालयात पुष्कळांच्या डोळ्यांपुढे चित्रकाराची रंगपाटी येते. मला ज्या पॅलेटविषयी सांगायचे आहे ते कुणी कौतुकाने हातात धरत नाही. त्याचे आयुष्य ओझ्याखाली जाते. चाकणच्या औद्योगिक वसाहतीतून जाताना कारखान्यांच्या कुंपणाआड लाकडी पट्ट्यांचे चौकोनी पाट एकावर एक रचलेले दिसतात, तेच हे. वर यंत्रांचे सुटे भाग, पिंपे किंवा खोकी ठेवायची, खालच्या फटीत फोर्कलिफ्टचे दोन दांडे घालायचे आणि सगळा माल एकदम उचलायचा, एवढ्यासाठी त्याचा जन्म. युरोपात १९६१ सालापासून त्याचे माप ठरून गेले आहे : लांबी १२०० मिलिमीटर, रुंदी ८००, अकरा फळ्या, नऊ ठोकळे आणि मोजून ७८ खिळे. आपल्याकडे बनणारी पॅलेटे एवढ्या शिस्तीची नसतात. बाभूळ, आंबा, निलगिरी, जे हाताशी येईल ते त्यांना चालते. परदेशी मालाबरोबर आलेली मात्र बहुधा पाइनची असतात. हे लाकूड हलके, मऊ आणि सरळ रेषांचे असल्यामुळे माझ्यासारख्या नवशिक्याला ते झेपते. काम संपले की यातली बरीचशी भंगारवाल्याकडे येतात आणि तिथून सरपणात जातात.

अशी दोन पॅलेटे मी घरी आणली ती गणपतीच्या मखरासाठी. आमच्याकडे वर्षानुवर्षे थर्माकोलचे मखर येत असे. मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने प्लॅस्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी आणली, तेव्हा तेही थांबले. नंतर काही वर्षे साड्यांचे पडदे लावून भागवले. लाकडाचे, घडी होणारे, दरवर्षी माळ्यावरून काढता येईल असे मखर आपणच करावे, ही कल्पना माझी. तिला पहिला विरोध झाला तो आजीचा.

"अरे, कुठल्या देशीचं लाकूड ते, त्याच्यावर कुणी काय काय ठेवलं असेल, आणि ते देवाच्या मागे उभं करायचं?" असे म्हणून तिने पॅलेटांना उंबरठ्याच्या आत येऊ दिले नाही. मी शिकलेल्या माणसाचे हसू हसलो. पुढे या विषयाची थोडी माहिती मिळवली, तेव्हा माझे हसणे मलाच बोचू लागले. पॅलेटचे लाकूड घरात आणणाऱ्याने पहिला प्रश्न विचारायचा तो नेमका आजीचाच : यावर काय काय ठेवले होते?

या प्रश्नाचे अर्धे उत्तर लाकडावरच छापलेले असते. लाकडी खोक्यांतून आणि पॅलेटांतून झाडे पोखरणारे किडे एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ लागले. आशियातला एक लांब मिशांचा भुंगा १९९६ साली न्यूयॉर्कमध्ये झाडे पोखरताना सापडला. अशा अनुभवांनंतर २००२ साली आंतरराष्ट्रीय नियम झाला, की देशाबाहेर जाणारे असे जाड लाकूड आधी निर्जंतुक केले पाहिजे आणि तशी खूण त्यावर उमटवली पाहिजे. म्हणून परदेशी पॅलेटच्या ठोकळ्यावर एक चौकट दिसते. तिच्यात गव्हाच्या लोंबीचे चित्र, देशाची दोन अक्षरे, बनवणाऱ्याचा क्रमांक आणि शेवटी उपचाराची अक्षरे असतात. 'एच. टी.' असेल तर लाकूड भट्टीत असे तापवलेले असते, की त्याच्या गाभ्यातही ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग तीस मिनिटे राहावे. 'एम. बी.' असेल तर त्याला मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. हा वायू ओझोनच्या थराला घातक म्हणून युरोपीय संघाने २०१० साली त्याचा वापर बंद केला. धुरीनंतर तो लाकडातून बहुतांशी उडून जातो हे खरे. पण ज्या खोलीत माणसे दहा दिवस बसणार-उठणार, तिथे 'एम. बी.'चे लाकूड मी आणणार नाही. देशातल्या देशात फिरणाऱ्या पॅलेटला ही खूण सक्तीची नसते, त्यामुळे तिच्यावर बहुधा काहीच लिहिलेले आढळत नाही.

उरलेले अर्धे उत्तर कुठेच छापलेले नसते. लाकूड तापवले, एवढेच खूण सांगते. पुढे त्यावर तेलाचे पिंप सांडले की कीटकनाशकाचे पोते फुटले, हे ती सांगत नाही. तिथे नाक आणि डोळे वापरायचे. माझ्या दोन पॅलेटांपैकी एकीवर 'एच. टी.' स्पष्ट होते, पण मधल्या तीन फळ्यांवर काळपट, चिकट डाग होता. ऊन दाखवल्यावर त्यातून उग्र वास सुटला. ती पॅलेट मी परत नेऊन दिली. भंगारवाल्याने पैसे परत दिले नाहीत, मात्र बदल्यात दुसरी दिली. निळ्या रंगाची पॅलेटे पुष्कळदा भाड्याची, म्हणजे दुसऱ्याच्या मालकीची असतात. त्यांना हात न लावलेला बरा.

पॅलेट सुटी करणे हे या कामातले सर्वांत कंटाळवाणे प्रकरण. पहारीने फळी उचकटली की ती टोकाशी उभी चिरते, कारण हे खिळे पिळाचे किंवा कड्याकड्यांचे असतात आणि लाकूड सोडत नाहीत. चार फळ्या फुकट घालवल्यावर आमच्या आळीतल्या सुतारकाकांनी युक्ती सांगितली. फळी आणि ठोकळा यांच्यामध्ये पाचर मारून किंचित फट करायची, तीत लोखंड कापायच्या करवतीचे पाते घालायचे आणि खिळाच कापायचा. फळीत राहिलेला तुकडा मागून ठोकला की डोके वर येते. पुढे रंधा मारण्याआधी प्रत्येक फळीवरून लोहचुंबक फिरवावे. एक खिळा राहिला, तर रंध्याच्या पात्याची धार गेलीच म्हणून समजा.

मखराची रचना साधी आहे. दोन खांब, खाली-वर दोन आडव्या पट्ट्या आणि या चौकटीच्या आतल्या बाजूने खाच. खाचेत नऊ उभ्या फळ्या वरून सरकवायच्या आणि मग वरची पट्टी लाकडी खुंट्यांनी अडकवायची. तिच्यावर उरलेल्या तुकड्यांचे पायरीपायरीने निमुळते होणारे शिखर. हे सारे मी मे महिन्याच्या सुटीत केले. फळ्या एकमेकींना अशा घट्ट भिडवल्या की मधून उजेडाची रेघ दिसू नये, आणि त्याचा मला फार अभिमान वाटला.

जुलैअखेर पाहतो तो मखराचे पोट पुढे आलेले आणि डाव्या खांबाचा सांधा उघडलेला! लाकूड हवेतला ओलावा पिते आणि फुगते. लांबीत ते जवळजवळ वाढत नाही, रुंदीत मात्र वाढते. नऊ फळ्या मिळून रुंदी सुमारे एक सेंटिमीटरने वाढली होती आणि चौकटीत तेवढी जागाच नव्हती. उन्हाळ्यात बनवलेली वस्तू भाद्रपदात वापरायची आहे, हा हिशेब माझ्या डोक्यात आला नव्हता. प्रत्येक फळीची कड रंध्याने उतरवून दोन फळ्यांत रुपयाचे नाणे उभे सरकेल एवढी फट ठेवली, तेव्हा काम मार्गी लागले. त्या फटींतून मागच्या दिव्याचा उजेड बारीक रेघांनी येतो. ही शोभा योजलेली नव्हती, पण पाहुण्यांना मी तसे सांगत नाही.

काचकागदाने घासताना नाकातोंडाला फडके बांधावे. वर मी जवसाच्या तेलाचे दोन हात दिले. तेलाचे फडके चुरगळून कोपऱ्यात टाकू नये. हे तेल वाळताना तापते आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. ते दोरीवर पसरून वाळवावे. निरांजनही मखरापासून दूर ठेवावे. खिळ्यांची भोके मी बुजवली नाहीत. त्यांतून दोरा ओवून झेंडूच्या माळा बांधता येतात.

एका खांबावर ती छापील चौकट तशीच राहिली होती. रंधा मारणार, इतक्यात आजीने विचारले, "ते काय रे?" मी सांगितले, भट्टीत तापवून शुद्ध केल्याची खूण. तिने चष्मा पुसून लोंबीचे चित्र जवळून पाहिले आणि म्हणाली, "राहू दे मग. धान्याचंच चित्र आहे." खांब मात्र तिने डावीकडून उजवीकडे घ्यायला लावला, पाहणाऱ्याला आधी दिसावा म्हणून. विसर्जनानंतर फळ्यांच्या पाठीवर क्रमांक घातले आणि सुतळीने बांधून सगळे माळ्यावर टाकले. सात क्रमांकाची फळी थोडी वाकली आहे. ती पुढच्या श्रावणात बदलावी लागेल.