बोलण्याचा हक्क आणि दुसऱ्याची श्रद्धा



गणपतीच्या दिवसांत शाळेत एक प्रश्न हमखास येतो. "तुमच्या देवाला हत्तीचे डोके कसे?" कोणी कुतूहलाने विचारतो, कोणी खोडी काढण्यासाठी. मग घरी आल्यावर मुले विचारतात, "देवाची चेष्टा करायला कायद्याने बंदी का नाही?"

प्रश्न चांगला आहे. आपण राहतो ती अमेरिका आणि आपले आजी-आजोबा राहतात तो भारत, या दोन देशांनी त्याची वेगवेगळी उत्तरे दिली आहेत. आज आम्ही ती दोन्ही समजावून सांगणार आहोत.

अमेरिकेचे उत्तर

अमेरिकेच्या राज्यघटनेत १७९१ साली पहिली दुरुस्ती झाली. सरकारने कोणताही धर्म सरकारी धर्म ठरवू नये, कोणाच्या धर्मपालनात अडथळा आणू नये आणि कोणाचे भाषणस्वातंत्र्य हिरावून घेऊ नये, असे तिच्यात एकाच वाक्यात सांगितले आहे.

आता एक खरी घटना पाहा. १९३८ साली कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन गावात जेसी कँटवेल नावाचा तरुण ग्रामोफोन घेऊन रस्त्यावर फिरत होता. तो यहोवाज विटनेस पंथाचा होता आणि वस्ती बहुतेक कॅथलिकांची होती. त्याने दोन माणसांची परवानगी घेऊन त्यांना एक तबकडी ऐकवली. तिच्यात कॅथलिक चर्चवर जहरी टीका होती. ते दोघे कॅथलिकच होते! ते इतके संतापले, की त्याला मारावे असे त्यांना वाटले. "चालता हो" म्हणताच जेसी निघून गेला. तरी त्याच्यावर शांतताभंगाचा खटला झाला आणि शिक्षाही झाली.

१९४० साली सुप्रीम कोर्टाने ही शिक्षा एकमताने रद्द केली. त्याने कोणाला धमकावले नव्हते, कोणाच्या अंगावर तो धावून गेला नव्हता. धर्माच्या बाबतीत एकाला जे सत्य वाटते ते शेजाऱ्याला घोर चूक वाटू शकते, आणि तेवढ्यावरून तुरुंग दाखवता येणार नाही, असे कोर्टाचे म्हणणे होते.

याचा अर्थ अमेरिकेत वाटेल ते बोलता येते असा नाही. खरीखुरी धमकी देणे, जमावाला तिथल्या तिथे मारहाणीसाठी भडकावणे, एखाद्या माणसाची खोटी बदनामी करणे, याला येथेही माफी नाही. शाळेत कोणी एखाद्या मुलाला त्याच्या धर्मावरून सतत छळत असेल, तर ते थांबवणे हे शाळेचे काम आहे.

भारताचे उत्तर

१९२० नंतरच्या काळात लाहोरमध्ये महंमद पैगंबरांवर लिहिलेल्या एका पुस्तिकेवरून मोठा क्षोभ उसळला. तेव्हाच्या कायद्यात हा गुन्हा बसत नाही, म्हणून हायकोर्टाने १९२७ साली प्रकाशकाची सुटका केली. त्याच वर्षी इंग्रज सरकारने दंडविधानात २९५-अ हे नवे कलम घातले. पण राग शमला नाही. १९२९ साली त्या प्रकाशकाचा खून झाला.

स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने १९ व्या कलमात भाषणस्वातंत्र्य दिले, आणि सार्वजनिक सुव्यवस्थेसारख्या कारणांसाठी त्यावर वाजवी बंधने घालण्याची मुभाही ठेवली. २९५-अ कलम घटनेत बसते, असे सुप्रीम कोर्टाने १९५७ साली ठरवले. मात्र अपमान जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेला असला पाहिजे, अशी अट स्पष्ट केली. नकळत कोणाचे मन दुखावले तर तो या कलमाखाली गुन्हा होत नाही. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या २९९ व्या कलमात आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंतची आहे.

कोणाचे बरोबर?

भारतातील कायद्याच्या बाजूचे लोक म्हणतात, "दाट वस्तीत एका शब्दाने दंगल पेटते, माणसे मरतात. आधीच आवरलेले बरे." विरोधक म्हणतात, "दुखावलेले मन कोणत्या तराजूत तोलणार? जो जास्त आरडाओरडा करील त्याच्या हाती कायदा जाईल, आणि प्रामाणिक लेखकही लिहायला घाबरेल." दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. आमचा कल मात्र दुसऱ्या बाजूला आहे. ज्या दुरुस्तीने जेसीला वाचवले, तिच्याच आधाराने आपण येथे अल्पसंख्य असूनही निर्धास्तपणे गणपती बसवतो.

आपल्या मराठी परंपरेतही याचे एक सुंदर उदाहरण आहे. सोळाव्या शतकात पैठणच्या संत एकनाथांनी 'हिंदु-तुर्क संवाद' लिहिला. त्यात एक हिंदू आणि एक मुसलमान कडाक्याचे भांडतात, एकमेकांच्या धर्मातली व्यंगे काढतात. पण शेवटी दोघे एकमेकांना आलिंगन देतात. नाथांनी टीका टाळली नाही, आणि माणूसही तोडला नाही.

काय बोलता येईल, एवढेच कायदा सांगतो. काय बोलावे, ते आपल्याला ठरवावे लागते. म्हणून मुलांनो, कोणी कुतूहलाने विचारले तर गणपतीची गोष्ट रंगवून सांगा. कोणी चेष्टा केली तर "मला हे आवडले नाही" असे शांतपणे सांगा. छळ होत असेल तर शिक्षकांना आणि घरी सांगा, मनात ठेवू नका. आणि मित्राची पगडी, हिजाब किंवा क्रॉस पाहून हसू आले, तर आधी त्याला त्याचा अर्थ विचारा.

पुढच्या वर्गासाठी: आई-बाबांशी बोलून दहा ओळी मराठीत लिहून आणा. जेसीने तबकडी ऐकवली ते योग्य होते का? तुम्ही त्या दोन माणसांच्या जागी असता, तर काय उत्तर दिले असते?