कॅटेगरी कोणती?

कारंज्यातील आमच्या वस्तीतली एक मुलगी दोन वर्षांपासून नीटची तयारी करते आहे. पहिल्या वर्षी मार्क कमी पडले म्हणून ड्रॉप घेतला. अकोल्याच्या क्लासची फी बापाला झेपणारी नाही. तेव्हा टेलिग्राम, व्हॉट्सअॅपवरचे ग्रुप हाच तिचा क्लास. नोट्स तेथेच, शंका तेथेच, मॉक टेस्टच्या मार्कांची चर्चाही तेथेच. गरिबाच्या लेकरांना हे साधन मोठे आहे, ते आम्ही नाकारत नाही. पण मागच्या महिन्यात ती ग्रुप सोडून मोकळी झाली. का, असे विचारले तर बराच वेळ बोललीच नाही. मग जपून ठेवलेले मेसेज दाखवले.

तिने मार्क टाकले. लगेच प्रश्न, 'कॅटेगरी कोणती?' तिने खरे सांगितले. झाले! 'मग तुला कसले टेन्शन?' 'आमची सीट खाणार.' 'असल्या डॉक्टरकडे जाणार कोण?' लिहिणारी पोरे सतरा-अठरा वर्षांची. हे त्यांना कोणत्याही क्लासने शिकवलेले नाही, घरातल्या ताटावर वाढलेले आहे.

गुणवत्तेचा हा टेंभा जुनाच आहे. मद्रासमध्ये प्रत्येक समाजाला, ब्राह्मणांनासुद्धा, मेडिकलच्या ठरावीक जागा होत्या. त्याविरुद्ध चंपकम दोराईराजन न्यायालयात गेल्या आणि १९५१ साली सर्वोच्च न्यायालयात जिंकल्या. गंमत अशी, की त्यांनी मेडिकलला अर्जच केलेला नव्हता! निकालपत्रातच तशी नोंद आहे. बाबासाहेब तेव्हा कायदामंत्री होते. त्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती होऊन कलम १५(४) आले. या मुलीची राखीव जागा त्या कलमावर उभी आहे, कोणाच्या मेहेरबानीवर नाही.

आणि एमबीबीएसला उत्तीर्ण होण्याचे मार्क सर्वांना सारखेच असतात, हे त्या पोरांना कोणी सांगितले नाही काय? खासगी कॉलेजातील एनआरआय कोट्याच्या जागेवर बसणाऱ्याला कोणी 'कॅटेगरी कोणती' म्हणून विचारीत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये पदव्युत्तर नीटची पात्रता सर्व प्रवर्गांसाठी शून्य पर्सेंटाइलवर आणली गेली, खुल्या प्रवर्गासाठीसुद्धा. जागा रिकाम्या राहत होत्या ना! तेव्हा रुग्णाच्या जिवाची काळजी करणारे हे गुणवंत कोठे होते?

हे पोरकट चेष्टेवर थांबत नाही, म्हणून लिहावे लागते. जळगावच्या आदिवासी कन्या डॉ. पायल तडवी मुंबईच्या नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेत होत्या. २२ मे २०१९ रोजी त्यांनी जीवन संपवले. जातीवरून छळ केल्याच्या आरोपाखाली वरिष्ठ महिला डॉक्टरांवर खटला भरला गेला. त्यांच्या आई आबेदा तडवी आणि रोहित वेमुलाच्या आई राधिका वेमुला त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. दोन आया!

वाशीमला २०२४ साली सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झाले. एके काळी डॉक्टर व्हायचे तर नागपूर गाठावे लागे. आता जिल्ह्यातच दार उघडले आहे. पण आमची मुले त्या दारापर्यंत पोचण्याआधीच ग्रुपमधून निघून जातात, किंवा आडनाव लपवून बसतात. वर जात वैधता प्रमाणपत्राचे झेंगट आहेच. अकरावी-बारावी सायन्सला असतानाच कॉलेजमार्फत अर्ज करा, पणजोबाच्या शाळेचा दाखला आताच शोधा, हे आम्ही पालकांना किती वेळा सांगितले!

त्या मुलीला आम्ही चंपकम खटल्याचे निकालपत्र दिले. इंग्रजी अवघड आहे म्हणाली, पण घेऊन गेली. परवा विहारात भेटली. नवा ग्रुप धरला आहे, आणि नाव पूर्ण लिहिले आहे, आडनावासकट.