होडीतून पाण्यात पडलेला माणूस आणि त्याला वाचविणारी साधने

शिरूर घोड नदीच्या काठी वसले आहे, तर दौंड भीमेच्या. घोड पुढे भीमेला मिळते आणि ते सारे पाणी उजनीच्या विस्तीर्ण जलाशयात साठते. दिनांक २१ मे २०२४ रोजी सायंकाळी याच जलाशयात, करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली. एक जण पोहून काठाला लागला. सहा जणांचा मृत्यू झाला. त्यांत लहान मुलेही होती. अशा वेळी माणूस कसा वाचवावा, याचा बारकाईने विचार शिडाच्या होड्या चालविणाऱ्या नाविकांनी केला आहे. तो आपण नदीकाठच्या लोकांनीही समजून घेण्यासारखा आहे.

शिडाच्या होडीला ब्रेक नसतो. ताशी नऊ किलोमीटर वेगाने जाणारी होडी एका मिनिटात दीडशे मीटर पुढे जाते. लाटांमध्ये पडलेल्या माणसाचे डोके तेवढ्या अंतरावरून नारळाएवढेच भासते. म्हणून पहिला नियम असा, की एकाने दुसरे कोणतेही काम न करता त्या माणसाकडे सतत बोट दाखवीत राहावे. त्याच क्षणी नालेच्या आकाराचे तरंगते कडे पाण्यात टाकतात. त्याला दिवा आणि उंच काठीवरचा झेंडा जोडलेला असतो. त्यामुळे बुडणाऱ्यास आधार मिळतो आणि शोधणाऱ्यास खूण.

दुसरे काम संपर्क जोडण्याचे. यासाठी पिशवीत भरलेली, फेकताच उलगडणारी तरंगती दोरी असते. ‘लाइफस्लिंग’ नावाच्या साधनात लांब दोरीच्या टोकाला तरंगता पट्टा असतो. होडी त्या माणसाभोवती फेरी घालते. दोरी आपोआप त्याच्यापर्यंत येते आणि तो पट्टा काखेखालून घालून घेतो.

खरी कसोटी यानंतर लागते. पाण्यात हलके वाटणारे शरीर बाहेर काढताना पूर्ण वजनाचे होते. शिवाय कपडे भिजलेले आणि हातपाय गळालेले असतात. होडीची कड पाण्यापासून हातभर उंच असली, तरी दोघांना मिळून एकाला वर घेणे जमेलच असे नाही. म्हणून डोलकाठीवरून शीड चढविण्याची दोरी पट्ट्याला अडकवून कप्पीच्या साहाय्याने माणसास वर उचलतात. सोबत शिडीही लागते. केवळ तरंगते कडे ठेवून ही तयारी पूर्ण होत नाही, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही.

तथापि सर्वांत मोलाचे साधन पडण्यापूर्वीचे आहे. होडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मजबूत पट्टी ताणून बांधतात आणि नाविक आपल्या अंगावरील पट्टा तिला अडकवून वावरतो. कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. एकटा नाविक पाण्यात पडला, तर होडी मागे वळविण्यास कोणीच उरत नाही. त्याच्यासाठी न पडणे हाच बचाव असतो.

आपल्या घाटांवर आणि कालव्यांवर इतकी साधने नसतील. परंतु त्यांमागील विचार आपल्याला वापरता येतो. होडीत पाय ठेवण्यापूर्वीच जीवरक्षक जॅकेट घालावे आणि त्याचे बंद नीट आवळावेत. उलटलेल्या होडीत ते शोधता येत नाही. मुलांना त्यांच्या मापाचेच जॅकेट द्यावे. पाच लिटरच्या रिकाम्या कॅनचे झाकण घट्ट लावून त्याला वीस मीटर दोरी बांधली, की फेकण्याचे साधन तयार होते. तो दूर जावा म्हणून आत थोडे पाणी ठेवावे. आणि बुडणाऱ्यामागे उडी घेण्याचा मोह आवरावा. घाबरलेला माणूस हाती लागेल त्याला मिठी मारतो आणि एकाचे दोन जीव जातात. आधी हाक द्यावी, मग काठी पुढे करावी, मग दोरी फेकावी.

वसतिगृहातून सुट्टीला घरी येणारे आपले मूल नदीवर जाणारच. त्याला पोहणे शिकवावे. त्याबरोबरच दोरी कशी फेकावी हेही एकदा काठावर उभे राहून शिकवावे.