गर्भपाताचा कायदा आणि निर्णयाचा अधिकार

भारतात वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१ साली संमत झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून तो अमलात आला. अमेरिकेप्रमाणे या प्रश्नावर येथे निवडणुका लढल्या गेल्या नाहीत, त्यामुळे भारताने तो केव्हाच सोडवला असा समज रूढ आहे. प्रत्यक्षात १८६० च्या दंड संहितेतील कलम ३१२ नुसार गर्भपात घडवणे हा गुन्हाच राहिला, स्वतःचा गर्भ पाडणारी स्त्रीही त्या कलमाखाली दोषी ठरू शकत होती, आणि नव्या कायद्याने ठरावीक परिस्थितीत, सद्भावनेने मत बनवून गर्भपात करणाऱ्या नोंदणीकृत डॉक्टरला तेवढी सूट दिली. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही हा गुन्हा कलम ८८ खाली कायम आहे.

स्त्रीच्या बाजूने विचार करणारी परंपरा महाराष्ट्रात त्याआधीपासून होती. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले, त्यापायी प्राध्यापकी गमावली आणि ‘समाजस्वास्थ्य’ मासिकासाठी खटलेही सोसले. १९३४ साली त्यांचे वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतले होते. स्वातंत्र्यानंतर मात्र सरकारने हा विषय लोकसंख्येच्या चिंतेतून हाती घेतला. शांतिलाल शाह समितीने १९६६ च्या अहवालात चोरून होणाऱ्या गर्भपातांतील धोक्याकडे लक्ष वेधले होते हे खरे; तरीही कायद्यात गर्भनिरोधक साधन निकामी ठरल्याचे कारण फक्त विवाहितेला, आणि तेही मुलांची संख्या मर्यादित ठेवण्यासाठी साधन वापरले असेल तरच, मान्य झाले.

संख्येच्या या हिशेबाचे टोक आणीबाणीत गाठले गेले. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांत बहुसंख्य पुरुष होते, आणि महाराष्ट्र विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही संमत केले, जे राष्ट्रपतींच्या संमतीअभावी अमलात आले नाही. पुरुषांवरील सक्तीचा राग १९७७ च्या मतपेटीतून व्यक्त झाला, आणि त्यानंतर कुटुंबनियोजनाचा भार जवळजवळ संपूर्णपणे स्त्रियांच्या शरीरावर सरकला: २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांनी नसबंदी करून घेतली होती, तर पुरुष नसबंदीचे प्रमाण ०.३ टक्के होते. २०१४ साली छत्तीसगडमधील बिलासपूर जिल्ह्यातील नसबंदी शिबिरांनंतर दहाहून अधिक स्त्रिया दगावल्या, तेव्हा अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाला २०१६ साली द्यावा लागला.

महाराष्ट्रात या प्रश्नाला आणखी एक गुंता आहे. मुलगी नको म्हणून होणाऱ्या गर्भपातांविरुद्ध मुंबईतील स्त्री-संघटना लढल्या आणि १९८८ साली गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा देशातील पहिला कायदा येथे झाला. तो आवश्यकच होता. परंतु पुढे त्याची अंमलबजावणी करताना संशयाची नजर गर्भलिंगनिदानाकडून गर्भपाताकडेच वळली. गर्भपाताच्या गोळ्यांवर औषध प्रशासनाची करडी नजर राहू लागली आणि असंख्य दुकानदारांनी त्या ठेवणेच सोडून दिले. ही गल्लत गंभीर आहे, कारण या गोळ्या नऊ आठवड्यांपर्यंत वापरायच्या असतात आणि सोनोग्राफीत गर्भाचे लिंग साधारणपणे बाराव्या आठवड्यानंतर कळू शकते. म्हणजे गोळ्या दुर्मीळ झाल्याने लिंगनिवड थांबत नाही, उलट ज्या स्त्रीला लवकर आणि सुरक्षितपणे मोकळे होता आले असते तिचे आठवडे वाया जातात.

गर्भपाताच्या कायद्यातील २०२१ च्या दुरुस्तीने ‘पती’ऐवजी ‘जोडीदार’ हा शब्द आणला आणि काही गटांतील स्त्रियांसाठी मुदत २४ आठवड्यांवर नेली; २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रियांनाही त्या मुदतीचा लाभ दिला आणि गर्भपाताच्या संदर्भात पतीने केलेली बळजबरीही बलात्कारात मोडते असे सांगितले. मात्र विसाव्या आठवड्यापर्यंत एका आणि त्यानंतर दोन डॉक्टरांचे मत लागतेच. चोविसाव्यानंतर गर्भात गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळाची परवानगी लागते, आणि इतर बहुतेक स्त्रियांना न्यायालय गाठावे लागते, जेथे सुनावणीच्या तारखांगणिक गर्भ वाढत राहतो.